छोट्या शिडाच्या बोटीसाठी पोर्टेबल जनरेटर कुठला घ्यावा?

निळीशार
नमस्कार मंडळी. आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. दोन वर्षांपूर्वी ३० फुटी सेकंडहँड शिडाची बोट घेतली, ॲनापोलिसजवळच्या एका खाडीत ती बांधलेली असते. शनिवार-रविवारी चेसापीक बेमध्ये भटकायचं, एखाद्या नदीच्या मुखात नांगर टाकून रात्र काढायची, असं आमचं चालतं. यंदा ऑगस्टमध्ये सासूबाई आणि सासरे भारतातून येतायत आणि त्यांना चार-पाच दिवस बोटीवर न्यायचं ठरलंय. दोघांनाही फार उत्सुकता आहे, सासूबाई तर फोनवर रोज विचारतात की बोटीत स्वयंपाक कसा करतेस म्हणून.

अडचण अशी की ऑगस्टमधला इथला उकाडा म्हणजे मुंबईचा मे महिना, वारा पार पडलेला, आणि पाण्यात जेलीफिश इतके की उतरून गार होऊ म्हटलं तर तेही नाही. बोटीत १६००० बीटीयूचा एसी आहे पण तो फक्त धक्क्यावर शोअर पॉवर, म्हणजे धक्क्याची वीज, जोडली की चालतो. शिवाय सासऱ्यांना स्लीप ॲप्निया आहे (झोपेत श्वास मध्येच थांबतो), रात्री सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, लावावंच लागतं. म्हणून पोर्टेबल इन्व्हर्टर जनरेटर घ्यायचं मनात आहे. होंडाचा ईयू २२०० आय इथे बऱ्याच बोटींवर दिसतो, यामाहाचा २००० वाला पण आहे, आणि दुकानात त्याच्या निम्म्या किमतीत मिळणारेही आहेत. रात्री एसी आणि सीपॅप चालला पाहिजे आणि सकाळी बॅटरी चार्ज झाली पाहिजे, एवढीच अपेक्षा. बोटीवर कोणी वापरलाय का? कुठला घेऊ?

इंजिनरूम
ताई, वॅट नंतर बघू. आधी हे सांगा की तो ठेवणार कुठे आणि तो चालू असताना माणसं कुठे असणार?

मी ३१ वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनवर काढली, आता डोंबिवलीत असतो. जहाजावरचे जनरेटर वेगळे, त्यांचा धूर फनेलमधून पार वर जातो. तुमच्या बोटीवर तो धूर झोपलेल्या माणसापासून आठ-दहा फुटांवर सुटणार. त्यामुळे पहिलीच गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो, पेट्रोल जनरेटर चालू ठेवून केबिनमध्ये झोपायचं नाही. कुठल्याही कंपनीचा असो, कितीही महाग असो. नव्या मॉडेलमध्ये कार्बन मोनॉक्साईड वाढला की मशीन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो, पण तो मशीनच्या भोवतालची हवा बघतो, तुमच्या केबिनमधली नाही. बाहेर वाऱ्यावर ठेवलेल्या मशीनचा सेन्सर निवांत असेल आणि धूर मात्र हॅचमधून (छताच्या झडपेतून) आत जात असेल.

आता रात्रीच्या एसीचा हिशोब करा. एसी आणि त्याचा समुद्रपाण्याचा पंप मिळून १५०० वॅटच्या आसपास जाणार, सुरू होतानाचा झटका त्याहून मोठा, तो सॉफ्ट स्टार्टर बसवून कमी करता येतो. ईयू २२०० आयची २२०० ही क्षणभराची ताकद आहे, सलग चालायची १८००. म्हणजे एसी ओढेल. पण टाकी ३.६ लिटरची, पूर्ण लोडवर तीन तास आणि वर थोडं. रात्री दहा ते सकाळी सहा चालवायचा तर दोनदा उठून अंधारात, हलत्या बोटीवर, गरम इंजिनशेजारी पेट्रोल ओतायचं. मी माझ्या ज्युनिअरला हे करू दिलं नसतं, तुम्हाला कसं सांगू. शिवाय बोट जास्त डुलायला लागली की ऑइल एका बाजूला जातं, ऑइल कमी झालंय असं समजून ऑइल अलर्ट लागतो आणि इंजिन बंद पडतं, म्हणजे तुमचा एसी भरवशाचाही नाही.

दुसरं, पेट्रोल. तुमचं मेन इंजिन डिझेल असणार. डिझेल बोटीतले पंप, स्विच, स्टार्टर हे ठिणगी बाहेर न पडणाऱ्या बनावटीचे असावेच लागतात असं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचते आणि मग बिल्ज पंपाच्या फ्लोट स्विचची एक ठिणगी पुरते. त्यामुळे पेट्रोलचा कॅन कॉकपिटच्या (मागच्या उघड्या बसायच्या जागेच्या) लॉकरमध्ये ठेवू नका. टाकीत पेट्रोल असलेला जनरेटरही तिथे ठेवायचा नाही, कारण बहुतेक बोटीत ते लॉकर आतून बिल्जला उघडं असतं. दोन्ही उघड्या डेकवर, घट्ट बांधून, झाकणाचा व्हेंट बंद करून. आणि कॅन भरायचा तो धक्क्यावर जमिनीवर ठेवून, बोटीत ठेवून नाही.

सई_वाचतेय
बोटीशी काही संबंध नाही पण वाचतेय. पुढे काय होतं ते नक्की लिहा.

भूलतज्ज्ञ_नाशिक
इंजिनरूम काकांनी लिहिलंय त्याला वैद्यकीय बाजूने जोडते. आपल्याकडे दर हिवाळ्यात बाथरूममधल्या गॅस गिझरने माणूस गेल्याची बातमी येते, तोच हा कार्बन मोनॉक्साईड वायू. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ताकदीने चिकटतो, त्यामुळे हवेत थोडासा असला तरी हळूहळू रक्तात साठत जातो.

बोटीवर याचा धोका वेगळ्याच कारणाने वाढतो. सुरुवातीची लक्षणं म्हणजे डोकं जड होणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं. आणि बोटीवर असं झालं की सगळे म्हणतात "बोट लागली", आणि त्या माणसाला खाली केबिनमध्ये नेऊन झोपवतात. म्हणजे जिथे विष आहे तिथेच. कृपा करून हे लक्षात ठेवा, जनरेटर चालू असताना कोणाला बोट लागल्यासारखं वाटलं तर आधी मशीन बंद आणि माणूस मोकळ्या हवेत, आल्याचा तुकडा नंतर. बोटावर लावायच्या ऑक्सिमीटरवर तर अजिबात विसंबू नका, साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनने भरलेलं आणि मोनॉक्साईडने भरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही, तो छान ९८ दाखवत राहतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, म्हणून कोणी गुंगीत असेल तर थांबून बघत बसू नका, ऑक्सिजन आणि हॉस्पिटल.

२००० सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लेक पॉवेलवर एका हाउसबोटीच्या मागे पाण्यात खेळणारी दोन सख्खी भावंडं अशीच गेली. जनरेटरचा धूर मागच्या प्लॅटफॉर्मखाली सुटत होता. मुलं उघड्या हवेत होती, पाण्यात होती, तरी गेली. मोकळी हवा आहे म्हणजे काही होत नाही हा समज तेवढा काढून टाका. सासऱ्यांचं वय आणि श्वासाचा त्रास बघता तुम्ही दुप्पट काळजी घ्यायला हवी.

निळीशार
वाचून खरंच घाबरले. काल रात्री नवऱ्याला दोन्ही पोस्ट वाचून दाखवल्या, तो म्हणाला रात्रीचा एसी हा विषय इथेच संपला. शेजारच्या धक्क्यावरचे एकजण रात्रभर लावतात, त्यांचं बघूनच आमच्या डोक्यात आलं होतं.

मग कागद घेऊन बसलो. २४ तासांचा खर्च, १२ व्होल्टवर, अँपिअर-तासात: फ्रिज ५०, सीपॅप २२ (ह्युमिडिफायर बंद ठेवून), दोन पंखे ६, दिवे ४, नांगराचा दिवा २, चार्टप्लॉटर (नकाशाचा स्क्रीन) वगैरे ८, फोन-लॅपटॉप १०, पाण्याचा पंप २. एकूण १०४. बॅटऱ्या ६ व्होल्टच्या दोन गोल्फकार्टवाल्या सिरीजमध्ये, २२० अँपिअर-तास. चार्जर बोटीबरोबर आला तो ४० अँपिअरचा आहे. सोलर नाही. आता सांगा, जनरेटर लागतो का मुळात?

सिडनीचा_पुणेकर
ताई, एवढा नीट हिशोब मांडलात हे फार बरं झालं, नव्वद टक्के लोक इथपर्यंत येतच नाहीत, दुकानात जाऊन सगळ्यात मोठा उचलतात. माझी २८ फुटी आहे, सिडनीजवळ पिटवॉटरला असते, मी चार्जिंगचे वेगवेगळे प्रकार करून झालोय म्हणून लिहितो.

लेड ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे २२० मधले ११० तुमचे. खर्च १०४. एक दिवस जेमतेम निघतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे परत भरायला हवेत. आता जनरेटरवाले इथेच फसतात, त्यांना वाटतं तीन तास चालवला की बॅटरी फुल. तसं होत नाही. निम्म्यावर असलेली बॅटरी ४० अँपिअर आनंदाने घेते, पण ८० टक्क्यांच्या पुढे गेली की तीच बॅटरी हळूहळू २०, १०, ५ वर येते आणि शेवटच्या वीस टक्क्यांना तीन-चार तास लागतात, म्हणजे तुम्ही पेट्रोल जाळताय, शेजारच्या बोटींना आवाज ऐकवताय आणि बॅटरीत थेंबथेंब जातंय. म्हणून सकाळचा पहिला तास जनरेटर आणि उरलेला दिवस सोलर, ही जोडी सगळ्यात चांगली. १०० वॅटची दोन पॅनल लावा, उन्हाळ्यात दिवसाला ६० च्या आसपास मिळतील. जनरेटरचे ४०, सोलरचे ६०, झाले तुमचे शंभर.

आणि आता गंमत बघा, ४० अँपिअरचा चार्जर जनरेटरकडून किती ओढतो? ४० गुणिले १४.२ म्हणजे ५७० वॅट, चार्जरमध्ये वाया जातं ते धरून ६७० च्या आसपास. म्हणजे १८०० वॅटची गरजच नाही! होंडाचा ईयू १००० आय सलग ९०० वॅट देतो आणि वजन १३ किलो. २२०० वाला २१ किलोचा. दुकानात फरक वाटत नाही, पण डिंगीतून (ने-आण करायच्या छोट्या होडीतून) बोटीवर एका हाताने रेलिंग धरून दुसऱ्या हाताने २१ किलो वर घेताना कळतं. मी माझा असाच पाण्यात घालवलाय, हातातून हँडल निसटलं आणि डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून दोरी बांधल्याशिवाय उचलत नाही.

फक्त एक तपासा. जुना चार्जर असेल आणि त्याला पॉवर फॅक्टर करेक्शन (वीज झटक्यांनी नाही तर सारखी ओढायची सोय) नसेल तर ६७० वॅटसाठी तो ९५० व्होल्ट-अँपिअर मागेल आणि १००० वाला ओव्हरलोडचा लाल दिवा लावून बसेल. तसं असेल तर एकतर चार्जर बदला, किंवा सेटिंग असेल तर ३० अँपिअरवर आणा.

सीपॅपला १२ व्होल्टचा डीसी ॲडाप्टर मिळतो तो घ्या, इन्व्हर्टरमधून चालवू नका, उगाच वाया जातं. लिथियम बॅटऱ्या टाकल्या तर जास्त करंट घेतात आणि शेवटपर्यंत घेतात, पण मग अल्टरनेटरपासून सगळं बदलत जावं लागतं, ऑगस्टपर्यंत त्यात पडू नका.

इंजिनरूम
सिडनीच्या दादांशी सहमत. आणि मेन इंजिन नांगरावर नुसतं चार्जिंगसाठी तासन् तास आयडलवर ठेवू नका, डिझेलला लोड नसला की सिलिंडर ग्लेझ होतात (आतून काचेसारखे गुळगुळीत), कार्बन बसतो. एक तासाचा छोटा जनरेटर त्यापेक्षा केव्हाही चांगला.

देवगडचा_दर्यावर्दी
आमची बोट शिडाची नाही, मासेमारीची आहे आणि एक छोटी पर्यटकांची. दिव्यांना आणि फोनला पेट्रोलचा छोटा जनरेटर आहे. कंपनीबद्दल काही बोलत नाही, पण खाऱ्या हवेत तो कसा जगवायचा ते सांगतो.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात बोट वर काढली आणि जनरेटर तसाच पडवीत ठेवला, टाकीत अर्धं पेट्रोल. नारळी पौर्णिमेला दोरी ओढून ओढून खांदा गेला पण चालू होईना. कार्बोरेटर खोलला तर आत मधासारखा चिकट पिवळा थर आणि बारीक जेट बंद. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आपल्याकडे २० टक्के, तुमच्या अमेरिकेत १० असेल, ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग पाणी खाली बसतं. तेव्हापासून नियम केला, काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा. पंधरा दिवस वापरायचा नसेल तर टाकीही रिकामी. स्पार्क प्लगच्या टोपीत थोडं ग्रीस. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने वरून पुसायचा, पाइपने पाणी मारायचं नाही. नव्या मशीनचं पहिलं ऑइल २० तासांनी बदला, पुढे १०० तासांनी.

आणि ताई, तुमच्या डिंगीचं इंजिन टू-स्ट्रोक असेल तर त्याचा ऑइल मिसळलेला कॅन वेगळा, त्यावर रंगाची खूण करा. आमच्या पोराने चुकून तेच ओतलं होतं, आठवडाभर धूर.

निळीशार
खूप खूप आभार सगळ्यांचे. १००० वालाच घेतला. चार्जर जुनाच निघाला, सिडनीच्या दादांनी सांगितलं तस्संच झालं, लाल दिवा लागून बंद. ३० अँपिअरवर आणल्यावर नीट चालतोय, म्हणून आता सव्वा तास चालवते. दोन पॅनल बिमिनीवर (कॉकपिटवरच्या कापडी छतावर) बसवली.

एक शंका. शोअर पॉवरच्या सॉकेटला ॲडाप्टर लावून जनरेटर जोडला तर पॅनलवरचा रिव्हर्स पोलॅरिटीचा दिवा मंद पेटतो. वायर उलटी आहे का?

इंजिनरूम
नाही, वायर बरोबर असेल. या छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, तरंगता असतो, त्यामुळे दोन्ही तारा अर्थच्या मानाने साधारण ६० व्होल्टवर दिसतात आणि दिव्याला वाटतं काहीतरी उलटं आहे. जहाजावर आम्ही न्यूट्रल मुद्दाम मोकळा ठेवतो पण तिथे अर्थ फॉल्ट सतत बघणारी यंत्रणा असते. तुमच्या बोटीत नाही, त्यामुळे न्यूट्रल आणि अर्थ उगमापाशी, म्हणजे जनरेटरपाशीच जोडलेले हवेत, नाहीतर बिघाड झाला तर ब्रेकर पडणारच नाही. त्यासाठी बाँडिंग प्लग मिळतो, जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये बसतो. तो फक्त जनरेटरचा, त्यावर लाल टेप लावा, धक्क्याच्या सॉकेटला चुकूनही लागता कामा नये. आणि एकदा मरीन इलेक्ट्रिशियनकडून सगळं तपासून घ्या, पाण्यावर वीज आहे, पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

कार्बन मोनॉक्साईडचे अलार्म घेतलात का?

निळीशार
घेतले काका, बोटीवर चालणारे दोन. एक पुढच्या बर्थपाशी उशीच्या उंचीला, एक मागे सासऱ्यांच्या बर्थपाशी. प्लग पण आणला, इलेक्ट्रिशियन येऊन गेला.

निळीशार
परत आलो! पाच दिवस, चार रात्री. आधी चांगलं सांगते. सीपॅप रोज रात्रभर चालला, बॅटरी एकदाही ५५ टक्क्यांखाली गेली नाही. पुढच्या हॅचवर वारा आत वळवणारा कापडाचा विंडस्कूप बांधला आणि दोन पंखे, त्यात तीन रात्री निभावल्या. सगळ्यात उकाड्याची चौथी रात्र ठरवून सेंट मायकल्सच्या मरिनात काढली, धक्क्याची वीज आणि रात्रभर एसी. सासूबाईंनी बोटीवर थालीपीठं लावली, शेजारच्या बोटीतली आजी वास घेत डिंगीतून आली.

आता जे खरं लिहायचंय ते. दुसऱ्या दिवशी सकाळी चेस्टर नदीत होतो. नांगरावर बोटीचं तोंड वाऱ्याकडे असतं, म्हणून जनरेटर अगदी मागच्या टोकाला बांधलेला, धुराचं तोंड बाहेर पाण्याकडे, केबिनचा दरवाजा बंद. सगळे कॉकपिटमध्ये चहा पीत होतो. अर्ध्या तासाने वारा पडला आणि ओहोटी लागली, तर बोट पाण्याच्या ओढीने हळूच फिरली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग जी काही झुळूक होती ती मागून यायला लागली. सासरे गोळी घ्यायला खाली गेले होते आणि दरवाजा उघडाच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "डोकं जड झालंय गं, बोट लागली वाटतं, जरा आत पडते."

मला नाशिकच्या डॉक्टरांची ओळच्या ओळ आठवली. मी कप टाकून आधी बटण बंद केलं, आणि त्याच वेळी आतला मागचा अलार्म वाजायला लागला. नवऱ्याने बाबांना हाताला धरून वर आणलं, सगळे पुढच्या डेकवर जाऊन बसलो, सगळी हॅच उघडली. माझे हात कापत होते. सासूबाईंचं डोकं तासाभरात उतरलं, बाबांना काहीच झालं नाही, तरी इथल्या अर्जंट केअरला फोन केला आणि दुपारी जवळच्या धक्क्याला लागून दोघांना दाखवून आलो, रक्त तपासलं, ठीक निघालं.

तुम्ही कोणी लिहिलं नसतं तर मी त्यांना खाली नेऊन पांघरूण घातलं असतं. मला हे सारखं आठवतंय.

भूलतज्ज्ञ_नाशिक
वाचताना अंगावर काटा आला. रक्त तपासून घेतलंत हे फार उत्तम केलंत. आईंना म्हणावं दोन-चार आठवडे विसरायला होणं, डोकं दुखणं असं काही जाणवलं तर लगेच सांगा, कधीकधी त्रास उशिरा दिसतो.

इंजिनरूम
शाब्बास ताई. वारा आणि ओहोटीचं हे मी लिहायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. यापुढे जनरेटर चालू असेपर्यंत एका माणसाने दुसरं काही करायचं नाही, फक्त वारा बघायचा.

निळीशार
तेच करतोय काका. सासूबाईंनी जुन्या नऊवारीच्या काठाची वीतभर पट्टी फाडून जनरेटरशेजारच्या रेलिंगला बांधून दिली. ती बाहेर पाण्याकडे उडत असली तर चालू ठेवायचं, लोंबकळली किंवा आत वळली की बंद. उरलेले दिवस सकाळी सव्वा तास त्या स्वतः तिच्यासमोर बसून होत्या, दोनदा त्यांनीच ओरडून बंद करायला लावलं.